‘कापणे’ आणि ‘तोडणे’ : बांबूच्या निमित्ताने

वस्तू विलग करण्याची क्रियापदे मराठीत विपुल आहेत. कापड फाडतात, नारळ फोडतात, काठी मोडतात, भाजी चिरतात. हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकाचे अर्थमूल्य शेजारच्या शब्दाशी असलेल्या भेदातून निश्चित होते. वस्तू नेमकी कोठे विलग होईल याचे पूर्वानुमान किती करता येते, हा या अर्थक्षेत्रातील प्रमुख भेदक निकष असल्याचे मजीद, बॉस्टर आणि बोअरमन यांनी २८ भाषांच्या अभ्यासातून (२००८) दाखविले आहे.

हा निकष स्वीकारूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. गवत आणि धान आपण कापतो; झाड मात्र तोडतो. हत्यार दोन्हीकडे धारदार आणि घावाची जागाही ठरलेली. जपानीतही गवत-भातासाठी ‘कारु’ आणि झाडासाठी ‘किरु’ अशी विभागणी आढळते. म्हणजे क्रियापद केवळ क्रियेची रीत सांगत नाही. कर्म कोणत्या कोटीतले, याचाही निवाडा ते करते.

या निवाड्याचे मोल चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात स्पष्ट होते. बांबू वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याचा समावेश ‘वृक्ष’ या संज्ञेत केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले, तरी तो विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात येण्यास संघर्ष करावा लागला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या ग्रामसभेला वाहतूक परवान्याचा अधिकार एप्रिल २०११ मध्ये मिळाला. मूळ अधिनियमातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ च्या दुरुस्तीने. लोकांच्या बोलण्यात मात्र बांबू कापलाही जातो आणि तोडलाही जातो.

‘तोडणे’ म्हणजे नाश, असे समीकरणही टिकत नाही. तेंदूची पाने तोडतात, आणि ती पुढल्या हंगामात पुन्हा येतात. नाशाचा अर्थ दृढ होतो तो ‘जंगलतोड’ या समासात. तेथे क्रियापदाचे नाम होते आणि कर्ता गळून पडतो. मोळीवाली आणि ठेकेदार एकाच शब्दाखाली येतात.

अरण्यजीवनावरील साहित्याची समीक्षा ‘निसर्गचित्रण’ या कोटीत अडकून पडते, तेव्हा हा गळलेला कर्ता तिच्या दृष्टीस पडत नाही. अशा संहितेत प्रथम क्रियापद तपासावे : कोण, काय, कशासाठी तोडतो? शैलीविचार येथे अलंकारांची मोजदाद राहत नाही; तो हक्काच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो.