मळाला कारण हवे

स्पिटफायर, झिरो, मस्टँग, टॉमकॅट. विमान कोणतेही असो, देश कोणताही असो, अलीकडची बक्षीसपात्र मॉडेले एकाच हाताने मळवल्यासारखी दिसतात. प्रत्येक पॅनलचा मध्य फिकट आणि कडा गडद. प्रत्येक रेघेत वॉश, म्हणजे पातळ काळपट रंग. पंखाच्या मुळाशी चंदेरी खपल्या, मग तिथे कोणाचा पाय पडत असो वा नसो. आघाडीवर जेमतेम दोन महिने टिकलेले लढाऊ विमान आणि वीस वर्षे सेवेत राहिलेले विमान, दोघांच्या अंगावर सारखाच मळ. यात कौशल्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. एअरब्रशवर एवढा ताबा यायला वर्षे जातात. राग येतो तो त्यामुळेच. हात एवढा तयार झाला आहे आणि डोळ्यांनी पाहणे सोडून दिले आहे.

या शैलीचा उगम किट-कंपन्यांच्या साच्यात आहे. एअरफिक्सच्या १९५३च्या स्पिटफायरच्या काळापासून मोनोग्रामच्या थोरल्या बॉम्बर विमानांपर्यंत पॅनलच्या रेघा उठावाच्या असत. सांधा घासताना त्या पुसून जात आणि त्यांच्यात रंग भरायचा प्रश्नच नसे. पुढे हासेगावाने आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनीच रेघा कोरायला घेतल्या. कोरीव रेघेला पातळ रंगाचा थेंब टेकवला की तो आपण होऊन पुढे धावतो. जे इतके सहज होते ते सगळे करणारच. मॉडेलर व्हर्लिंडनने ऐंशीच्या दशकात वॉश आणि ड्रायब्रश घराघरांत नेले. त्यानंतर स्पेनमधून मॉडेलर मिग हिमेनेझ आणि त्याच्या पिढीचे तंत्र आले. ते घडले होते रणगाड्यांवर. रणगाडा चिखलातून जातो, झाडे मोडतो, त्याच्यावर सैनिक बसतात. तिथे त्या तंत्राला अर्थ होता. तेच जसेच्या तसे विमानांवर आले आणि थोड्याच काळात बाटलीत भरून विकायलाही लागले. आज तेलाचा डाग, धुराची काजळी, धूळ, गंज, सगळे तयार मिळते. बाटली हाताशी असली की डागाला जागाही सापडते.

थोडे गणित करू. १/७२च्या मॉडेलवर ०.२ मिलिमीटर रुंदीची रेघ काळी केली, तर खऱ्या विमानावर ती १४.४ मिलिमीटरची फट होते. करंगळी आत जाईल एवढी. अशा फटी अंगभर घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने कोणतेही विमान उडत नाही. मस्टँगचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. त्या विमानाच्या पंखाचा आकार हवेचा प्रवाह गुळगुळीत राहावा म्हणून बेतलेला होता. त्यासाठी कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टीने भरून, घासून, वर प्रायमर आणि चंदेरी रंग दिला जाई. म्हणजे मस्टँगचा धडाचा पत्रा उघडा, पण पंख रंगवलेले. ज्यांना हे माहीत आहे असे मॉडेलरही पंखावरचा एकेक रिव्हेट काळा करून ठेवतात, कारण फोटोत तो उठून दिसतो. ज्या रेघा बुजवण्यासाठी मस्टँग बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकनच्या कामगारांनी कष्ट घेतले, त्याच आपण ठळक करतो.

मला आवडते ती वाट वेगळी आहे, आणि ती सर्वांत स्वच्छ दिसली विंगनट विंग्जच्या किटांत. पीटर जॅक्सनच्या या न्यूझीलंडच्या कंपनीने २००९पासून पहिल्या महायुद्धातली विमाने १/३२मध्ये काढली आणि २०२०मध्ये ती बंद पडली. तिच्या साच्यांची स्तुती पुष्कळ झाली आहे. माझ्या मते तिचे खरे देणे म्हणजे सूचनापुस्तिका. जोडणीच्या आकृत्यांशेजारी त्या काळची छायाचित्रे असत, पुष्कळदा ज्या विमानाची डेकल डब्यात आहेत त्याच विमानाची. पुस्तिका मॉडेलरला आधी पाहायला लावत असे, रंगाची वेळ नंतर यायची. आणि पाहिले की कारणे समजू लागतात. ही विमाने लिननच्या कापडाची. कापडावर डोप चढवलेला, म्हणून ते ताणून बसलेले. रोटरी इंजिन एरंडेल तेलावर चाले आणि जळले-न जळलेले तेल बाहेर फेकत राही. सॉपविथ कॅमलचे किंवा फॉकर त्रिपंखीचे पोट तेलकट का, याचे उत्तर इंजिनावरच्या खालून उघड्या झाकणात आहे. तेल कुठून निघते, वाऱ्याबरोबर कुठे जाते, हे एकदा कळले की डागाची जागा, दिशा आणि लांबी ठरून जाते. जर्मन विमानांवरचे बहुकोनी ठिपक्यांचे कापड घ्या. तो रंग कापडावर आधीच छापलेला असे. त्याची खपली निघेल कशी? ते उन्हाने विटते, तेलाने काळवंडते, फाटले तर ठिगळ लागते. एवढे समजून रंगवलेले फॉकर डी-७ पाहिले की कापड, लाकूड आणि पत्रा हे तीन पदार्थ नजरेला वेगळे जाणवतात, आणि हे सारे रंगवले आहे एकाच प्लॅस्टिकवर. या कलेची कसोटी माझ्यासाठी हीच आहे.

मळाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करायला हवे. विमानवाहू जहाजांवरचे शेवटच्या काळातले टॉमकॅट खरोखर कळकट असत. खारे वारे, सतत गंज उतरवून जागोजागी मारलेला नवा करडा रंग, पाठीवर चालणाऱ्यांच्या बुटांचे ठसे. तिथे ठिगळठिगळ दिसणारा रंग हीच वस्तुस्थिती आहे, आणि तीही प्रत्येक विमानावर निराळी. पॅसिफिकमधल्या सुरुवातीच्या कॉर्सेअरवर चालकासमोरच्या इंधनटाकीभोवतीच्या पॅनलांना पांढरी टेप लावलेली दिसते, कारण तिथून इंधन झिरपून काचेवर येई. जपानी लष्कराच्या विमानांवर उघड्या पत्र्यावरच आघाडीवर हिरवा रंग मारला जाई, तो सोलून निघे. तिथे चिपिंग, म्हणजे रंगाच्या खपल्या, हवेच. पण तीच खपल्यांची नक्षी प्रायमर देऊन नीट रंगवलेल्या विमानावर उतरली की ती खोटी झाली.

आजच्या बाकीच्या प्रवाहांवर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. थ्रीडी प्रिंट केलेली कॉकपिटे सुंदर आहेत, आणि छत लावले की त्यांतले निम्मे दिसत नाही. जर्मन रंगांच्या क्रमांकांवरून वर्षानुवर्षे चाललेल्या भांडणांनी एकही मॉडेल सुधारलेले नाही. कधी उडालीच नाहीत अशा काल्पनिक रंगसंगतीच्या विमानांत मला रस नाही.

मॉडेल ही कला आहे, तिला छायाचित्राच्या दावणीला का बांधता, असे यावर विचारले जाते. छोटे रूप निर्जीव दिसते, म्हणून छटा वाढवाव्या लागतात, असेही. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. वीतभर वस्तूवर प्रकाश तसा पडत नाही जसा चाळीस फुटी पंखावर पडतो, म्हणून थोडी भर घालावी लागते. पण ती भर त्या विमानाच्या आयुष्यातून यायला हवी. व्यक्तिचित्र काढणारा समोरच्या माणसाच्या सुरकुत्या थोड्या गडद करतो, पाठ केलेल्या सुरकुत्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर काढत नाही. पहिले म्हणणे तर मला मान्यच नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोटभर चित्रात उठून दिसावे म्हणून छटा भडक करायची आणि तिला कलेचे स्वातंत्र्य म्हणायचे, हे पटण्यासारखे नाही. त्या स्वातंत्र्यातून शंभर विमाने सारखी कशी निघाली? परीक्षकांचाही यात वाटा आहे. सांधा दिसतो का, पंख समान कोनात आहेत का, डेकलखाली हवा चमकते का, हे ते बारकाईने तपासतात आणि ते योग्यच आहे. त्याच बारकाईने त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: हा डाग इथे का? बनवणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर गुण कापावेत.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी तातडीचा आहे. मिग-२१ भारतीय वायुदलात १९६३मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये निवृत्त झाले. त्यांतली शेकडो विमाने नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. १९७१मध्ये उघड्या पत्र्याच्या मिग-२१ एफएलवर घाईघाईने हिरवे पट्टे आणि ठिपके चढवले गेले, आणि दोन विमानांवरची नक्षी सारखी नव्हती. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१नी रॉकेटे डागली. एडुआर्डचे १/४८चे उत्तम किट उपलब्ध होऊन दशक उलटले. तरीही त्यावर बनणाऱ्या भारतीय मिगांवर मला बहुतेक वेळा दिसतो तो बाटलीतून आलेला युरोपी मळ. तेजपूरच्या पावसात किंवा राजस्थानच्या उन्हात तो रंग कसा विटत होता, याचा शोध क्वचितच कोणी घेतलेला असतो. जग्वार, मिराज आणि लोहगावची सुखोई यांचीही गत वेगळी नाही.

ओझरच्या जुळणी विभागात आणि वायुदलाच्या तळांवर या विमानांवर हात फिरवलेली माणसे आज निवृत्त होऊन नाशिक-पुण्यात राहत आहेत. कोणते पॅनल रोज उघडावे लागे, हायड्रॉलिक तेल कुठून गळे, कुठला रंग आधी उडे, नवा रंग ब्रशने मारत की फवाऱ्याने, हे त्यांना ठाऊक आहे. छापील पुस्तकांत यातले फारसे आलेले नाही. मिग बनवायला घेतलेल्या प्रत्येक मराठी मॉडेलरला माझी विनंती आहे: वॉशची बाटली उघडण्याआधी त्यांच्यातल्या एकाला तरी गाठा, विचारा, लिहून घ्या, आणि तुमच्या मॉडेलशेजारी तो कागद ठेवा.