शापाची भाषा आणि राजाची सत्ता : उत्तर कोकणातील शिलाहारांच्या लेखांसंबंधी काही विचार

कल्याणहून लोहमार्गाने भिवपुरीकडे येताना वाटेत अंबरनाथ लागते. तेथील शिवालयातील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) मधील असून तो शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचा आहे. पुढे भिवपुरी व कर्जतच्या माथ्यावर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आढळतात. या लेण्यांत कण्ह याचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. राजाचे नाव त्या ओळीत नाही. एकाच खोऱ्यातील या दोन लेखांमध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. या अवधीत दगडावरील अक्षराचा राजसत्तेशी संबंध कसा जुळला, हा प्रश्न येथे मनात येणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे लेखांतील भाषांची वाटणी.

आपल्या हाती या विषयाची दोन थोर साधने आहेत. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तर म. म. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला शिलाहारांच्या लेखांचा खंड १९७७ साली ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’ या मालेत निघाला. दोन्ही ग्रंथांचे ऋण अभ्यासकांना कधी फिटणारे नाही. तथापि पहिल्याची निवड भाषेवरून झाली आहे आणि दुसऱ्याची राजवंशावरून. परिणामी भाषेचा विद्यार्थी पहिल्यात मराठी रूपे शोधतो, इतिहासाचा विद्यार्थी दुसऱ्यात वंशावळ शोधतो, आणि एकच शिळा दोघांत विभागली जाते. अक्षीच्या लेखाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा वर्षांक कोणी शके ९३४ असा वाचतात, तर कोणी त्याला सुमारे दोन शतके पुढे नेतात. मराठीचा आद्य लेख कोणता, या वादात आपण जितकी शाई खर्चिली, तितकी ती शिळा तेथे कोणासाठी उभारली गेली या प्रश्नावर खर्चिली नाही.

आता राजाच्या बिरुदांकडे वळू. ठाण्याचे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. ठाण्याच्या सत्तेखाली ते नव्हते. बिरुदात आहे ती केवळ कुलाच्या उगमाची आठवण. त्यांच्याच लेखांतील ‘महामंडलेश्वर’ हे पद मांडलिकाचे आहे. आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या या घराण्याची ती जुनी खूण पुढेही टिकून राहिली. एकाच वाक्यात ‘परमेश्वर’ आणि ‘मंडलेश्वर’ सुखाने नांदतात, यावरूनच बिरुदावली हे सत्तेचे मोजमाप नव्हे हे ध्यानात यावे. मल्लिकार्जुनाच्या ‘राजपितामह’ या बिरुदाने गुजरातचा कुमारपाल क्षुब्ध झाला आणि त्याने कोकणावर सैन्य धाडले, अशी कथा मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. बिरुदे उच्चारली जात ती समकक्ष राजांच्या कानांसाठी, एवढे मात्र ती चांगले सुचविते.

सत्तेचा आशय पाहावयाचा तर दानाचा तपशील पाहावा. अनंतदेवाचा खारेपाटण येथे सापडलेला ताम्रपट शके १०१६ (इ. स. १०९४-९५) मधील आहे. त्यात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांतील जकात भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधू धणाम श्रेष्ठी यांना माफ केली आहे. राजाने काय माफ केले यावरून त्याला काय वसूल करता येत होते हे कळते. येथे राजा दिसतो तो रणांगणावर नव्हे, तर जकातीच्या नाक्यावर. आणि ज्यांना सूट मिळते ते श्रेष्ठी राजाचे अमात्यही आहेत. शिलाहारांच्या लेखांतील अधिकाऱ्यांच्या नावांना पुष्कळदा ‘ऐय’ हा कन्नड अंत्यावयव जोडलेला असतो. म्हणजे प्रशस्ती संस्कृत आणि कारभाऱ्यांची नावे कन्नड वळणाची, असा हा दरबार होता.

मग मराठी कोठे येते? परळच्या शिलालेखाकडे पाहावे. हा लेख शके ११०८ (इ. स. ११८६-८७) मधील, अपरादित्याच्या कारकिर्दीतला आहे. षट्षष्टीतील महवली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून चोवीस द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेस लावून दिल्याची त्यात नोंद आहे. ही नोंद संस्कृतात आहे. पण शेवटी, जो कोणी हे शासन मोडील त्याच्यासाठी शाप उच्चारण्याची वेळ येताच लेख मराठीत उतरतो. वैद्यनाथाचे शस्त्र अपराध्यावर सहकुटुंब पडो, असे म्हणून तो गाढवाच्या त्या सुपरिचित शिवीने संपतो.

यावर आक्षेप येईल की, शाप तर सर्वच दानपत्रांत असतात. त्यात विशेष ते काय? आक्षेप रास्त आहे. शाप दिला म्हणून राजा दुर्बळ होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. विशेष आहे ते शापाच्या श्रोत्यात. ताम्रपटांतील रूढ संस्कृत श्लोक भावी राजांना उद्देशून असतात. आपल्या किंवा परक्या वंशातील पुढच्या भूपतींनी हे दान पाळावे, ही त्यांतील विनवणी असते. मराठी शापाचा श्रोता निराळा आहे. शेताचा बांध सरकविणारा शेजारी, वाडीचे उत्पन्न अडविणारा गावकरी, कर मागावयास आलेला स्थानिक अधिकारी हे त्याचे लक्ष्य होत. एकाच आज्ञेला दोन दिशांनी धोका होता, आणि प्रत्येक दिशेस तिची तिची भाषा योजिली गेली. ज्यांना ती भाषाही वाचता येत नसे त्यांच्यासाठी गद्धेगाळावर चित्र कोरले जाई : वर सूर्य आणि चंद्र, खाली गाढव आणि स्त्री. दान चिरकालीन आहे आणि ते मोडणाऱ्याच्या घराची अब्रू जाईल, हे त्या चित्रातून निरक्षरासही कळे.

मराठीचा राजशासनांत प्रवेश म्हणजे तिला मिळालेला राजाश्रय, असे आपण अभिमानाने सांगतो. परळच्या लेखापुरते तरी हे विधान सुधारून घ्यावे लागेल. येथे मराठी सन्मानाच्या आसनावर बसलेली नाही. ती हद्दीवर राखणीला उभी आहे. राजाचा शब्द जेथे गावाच्या व्यवहाराला भिडतो, तेथे त्याला गावाच्या बोलीचा आणि गावाने मानलेल्या देवाचा आधार घ्यावा लागला. मध्ययुगीन राजसत्तेची ही मर्यादाही आहे आणि तिचे शहाणपणही.

हा निष्कर्ष केवळ छापील पाठांवरून पूर्णपणे तपासता येणार नाही. ताम्रपट हा दान घेणाऱ्याच्या घरी जपून ठेवण्याचा, हलणारा दस्तऐवज होय. शिळा मात्र जागेला बांधलेली असते आणि तिची जागा हाही तिच्या पाठाचा भाग असतो. शेताच्या बांधावरचा गद्धेगाळ उचलून देवळाच्या पारावर आणला की त्याची अक्षरे राहतात, पण हद्द जाते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आज शेतजमिनीचे तुकडे पडून तेथे बंगले व वसाहती उभ्या राहत आहेत. अशा वेळी बांधावरच्या दगडाकडे पाहण्याचे काम पुरातत्त्वज्ञांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकाने स्वस्थ राहणे बरे नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांनी ठसा घेताना शिळेचे तोंड कोणत्या दिशेस आहे, ती कोणत्या दोन शेतांच्या मध्ये उभी आहे, त्या शेतांना लोक कोणत्या नावाने ओळखतात आणि शिळेविषयी काय सांगतात, हेही टिपून घ्यावे. राजाची आज्ञा कोठपर्यंत चालत होती, याचे उत्तर या टिपणांतून मिळण्याचा संभव आहे.