उजवा हात

कंटाळवाणी पाने ओलांडून पुढे जाण्याचा हक्क वाचकाला असावा, अशा मताचा मी आहे. स्वतः कादंबऱ्या लिहीत असूनही आहे. लढायांची वर्णने, राजवाड्यांची वर्णने, नायिकेच्या शालूंची वर्णने मी बेलाशक ओलांडतो. पण एक छोटेसे पुस्तक असे आहे की, त्यातली मासे धरण्याची पाने ज्याने ओलांडली त्याला शेवटी कथाही सापडत नाही. आणि अशी पाने त्यात पुष्कळ आहेत. नॉर्मन मॅक्लीन या अमेरिकन लेखकाची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' ही ती दीर्घकथा. दिवाळीच्या फराळाबरोबर मासेमारीची चर्चा कशाला, असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की, ही एका घराची गोष्ट आहे : बाप, आई आणि दोन भाऊ.

मॅक्लीन १९०२ साली जन्मले आणि १९९० साली वारले. शिकागो विद्यापीठात ते इंग्रजी वाङ्मय शिकवीत. १९७३ साली निवृत्त झाले आणि सत्तरीच्या घरात ललित लेखनाकडे वळले. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी पुस्तक नाकारले. एकाची तक्रार अशी की, या गोष्टींत झाडेच फार आहेत! अखेर १९७६ साली त्यांच्याच विद्यापीठाने ते छापले. त्या प्रकाशनाने तोपर्यंत नवी कथा-कादंबरी कधी छापली नव्हती. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी याच पुस्तकाची शिफारस केली, आणि वरच्या मंडळाने त्या वर्षी कादंबरीचे पारितोषिक कोणालाच द्यायचे नाही असे ठरवले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. प्राध्यापकांच्या पुस्तकांपासून जरा दूरच असतो. हे पुस्तक मात्र शब्दकोश उशाशी ठेवून दोनदा वाचले.

गोष्ट चार ओळींची आहे. मोंटाना राज्यातल्या मिसूला गावी एक स्कॉटिश वळणाचा पाद्री. त्याला दोन मुलगे. थोरला नॉर्मन, हाच निवेदक, संसारी आणि जबाबदार. धाकटा पॉल वर्तमानपत्राचा बातमीदार. दारू, जुगार आणि मारामाऱ्या यांत गळ्यापर्यंत रुतलेला, पण नदीवर गळ टाकण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात थोरल्याला भावासाठी काहीतरी करायचे असते, पण काय ते उमगत नाही. पुढच्या वसंतात पॉलला कोणीतरी बडवून ठार मारतात. कोणी आणि का, हे पुस्तक सांगत नाही.

आता ती पाने. बिग ब्लॅकफूट ही नदी रॉकी पर्वताच्या कण्यावरून पश्चिमेला उतरते. त्या कण्याच्या एका अंगाचे पाणी अटलांटिकच्या वाटेला लागते, दुसऱ्या अंगाचे पॅसिफिकच्या. सुमारे २०० किलोमीटर धावून ही नदी मिसूलाजवळ क्लार्क फोर्क नदीला मिळते. तळाशी सुटे गोटे आणि धोंडे, पाणी बर्फाचे आणि पावसाचे. इंग्रजीत अशा नदीला फ्रीस्टोन म्हणतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळले की ती गढूळ होऊन फुगते आणि जुलैत निवळते. गोट्यांच्या खालच्या अंगाला कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात. स्टोनफ्लाय नावाच्या किड्याच्या काही जाती पाण्याखाली दोन-तीन वर्षे काढतात, मग एके दिवशी दगडावर चढून कात टाकतात आणि पंख घेऊन उडतात. ट्राउट मासा धोंड्याच्या आडोशाला, जिथे प्रवाहाचा जोर कमी असतो तिथे, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारा घास टिपतो. याला थंड, खळाळते पाणी लागते. आपल्या कृष्णा-गोदेच्या उन्हाळ्यात तो तगायचा नाही. काश्मीरच्या, कुलूच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांत इंग्रजांनी तो आणून सोडला, तेवढीच आपली त्याची ओळख.

या माशाला फसवायचे ते खोट्या माशीने. कोंबड्याच्या मानेची पिसे, हरणाचे केस आणि रेशीम आकड्यावर बांधून ती करतात. तिला वजन असे नसतेच. आपल्याकडची पोरे गळाला गांडूळ आणि शिशाचा गोळा लावून भिरकावतात. गोळा पुढे जातो, दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे सगळा कारभार उलटा. वजन दोरीत असते आणि दोरी माशीला घेऊन जाते. म्हणून दोरी आधी डोक्यावरून मागे टाकायची, ती पाठीमागे हवेत पुरती सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे आणायची. घाई केली तर चाबकासारखा आवाज होऊन माशी तुटते. हात फार मागे नेला तर दोरी मागच्या झुडपात अडकते. पाद्रीबुवांच्या मते माणूस मुळातच बिघडलेला प्राणी असल्यामुळे तो हात नेहमी फार मागे नेतो! त्यांचा नियम असा : हात घड्याळातल्या दहा आणि दोन यांच्यामध्येच फिरायचा, आणि तोही चार मात्रांत. त्यासाठी त्यांनी बायकोच्या पियानोवरचा मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारे यंत्र, पाण्याकाठच्या झोपडीवर आणला. ती माउली अधूनमधून व्हरांड्यात येऊन काळजीने बघते की, यंत्र पाण्यात पडले तर तरंगेल का.

मला हा बाप फार आवडतो, आणि त्याची थोडी भीतीही वाटते. त्याच्या घरात धर्म आणि मासेमारी यांची शिकवणी एकाच आवाजात चालते. रॉडला कोणी काठी म्हटलेले त्याला खपत नाही. चिरलेल्या बांबूची, रेशमी दोऱ्याने बांधलेली ती वस्तू साडेचार औंसांची, म्हणजे आपल्या ११ तोळ्यांच्या आसपास. तिला काठी म्हणणे म्हणजे सतारीला भोपळा म्हणणे. गवयाच्या घरात मुलाला आधी वर्षभर एकच स्वर लावायला बसवतात, तसे हे शिक्षण आहे. मासा नंतर. ज्याला धरण्याची रीत ठाऊक नाही त्याने मासा धरणे म्हणजे माशाचा अपमान, अशी त्याची समजूत. धाकट्याला ही शिकवण पुरेशी वाटत नाही. तो बापाचा ताल मोडून स्वतःचा ताल बसवतो. दोरी पाण्याला टेकू न देता पाण्याच्या अंगावर घुमवत ठेवायची, म्हणजे माशाला वाटावे की वर किड्यांचा थवा उठला आहे. गुरूची चाल पचवून ती मोडणारा शिष्य कसा दिसतो, याचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

समीक्षकांपैकी कित्येक जण म्हणतात की, मासेमारी हे या कथेचे वरचे वस्त्र आणि भावाची शोकांतिका हे आतले अंग. मला हे पटत नाही. वस्त्र म्हटले की ते उतरवताही येते. इथे ते उतरवून पाहा, खाली काही राहत नाही. या घरातल्या पुरुषांना एकच भाषा येते आणि ती पाण्याची. नॉर्मनला नदीचा प्रत्येक वळसा वाचता येतो. हिमयुगातल्या अजस्र सरोवराचा लोंढा या मुलखातून कसा गेला, हे तो सांगू शकतो. पण रात्री पोलिसांचा फोन येतो, तो भावाला कोठडीतून सोडवून आणतो, आणि तेव्हा त्याच्याकडे शब्द नसतात. मदतीचा विषय निघाला की पॉल तो टाळतो. मग दोघे नदीवर जातात. नदीबद्दल सगळे बोलून होते, भावाबद्दल काहीच नाही. ही मुकी घरे आपल्याला परकी नाहीत. 'जेवलास का' यापलीकडे मुलाशी न बोललेले बाप आपल्या आळीत काय कमी आहेत?

आणि मग ती जागा येते, जिच्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले असे मी मानतो. पॉलच्या खुनाची बातमी घेऊन नॉर्मन घरी येतो. आणखी काही कळले का, असे बाप पुन्हा पुन्हा विचारतो. नॉर्मन सांगतो की, त्याच्या हाताची जवळजवळ सगळी हाडे मोडली होती. बाप विचारतो, कोणता हात? उजवा.

बस्स, एवढेच. ज्याने दहा-दोनची, चार मात्रांची, मागे थांबण्याची पाने ओलांडली, त्याच्या लेखी ही पोलीस पंचनाम्यातली एक ओळ. ज्याने ती वाचली, त्याला कळते की म्हाताऱ्याने तो हात स्वतः घडवला होता. शिवाय तो लढला होता, एवढे तरी बापाला त्या मोडलेल्या हाताने कळते. लेखकाने यावर भाष्य केलेले नाही. मी लिहिली असती तर या जागी निदान अर्धे पान अश्रू ढाळले असते.

खऱ्या आयुष्यात पॉल मॅक्लीनचा खून १९३८ च्या मे महिन्यात झाला, पण मोंटानात नव्हे, शिकागोत. पॉल त्या वेळी तिथेच राहत होता आणि नॉर्मन त्याच शहरात शिकवीत होता. कथेत मात्र लेखकाने मरण माहेरच्या मुलखात नेले आहे. कलेच्या हिशेबाने हे बरोबर आहे : नदी आणि मरण एकाच खोऱ्यात हवे, नाहीतर तो हात परक्या शहरातला कोणाचाही हात झाला असता. पण वाचकाने हेही लक्षात ठेवावे की, खरा भाऊ हाकेच्या अंतरावर होता. 'जवळ असूनही मदत करता आली नाही' याच्या जागी 'दूर होतो' असे कथेत आले आहे. चाळीस वर्षे उरात धरलेले दुःख लिहिताना लेखकाने एवढी एक सवलत घेतली. ती आपण त्याला द्यावी असे मला वाटते. पण ती सवलत आहे, हे म्हणावेच लागेल.

माझी तक्रार वेगळी आहे. ती आहे नीलबद्दल. नील हा नॉर्मनचा मेहुणा. कॉफीच्या लाल डब्यात गांडुळे भरून तो नदीवर येतो, दारू पितो, काठावर उन्हात झोपून अंगाची सालटे काढून घेतो. आम्ही वाचक पोट धरून हसतो. त्याच्यासाठीही त्याची आई नॉर्मनला विनवते की, माझ्या मुलाला सांभाळ. म्हणजे मदतीचा प्रश्न लेखकाने दोनदा घातला आहे, आणि ही मांडणी मोठी चतुर आहे. पण करुणा मात्र सगळी एकालाच दिली. का? पॉलचा हात सुंदर चालतो म्हणून. दोघेही व्यसनी, दोघेही घरच्यांना रडवणारे. एकाच्या वाट्याला शोक, दुसऱ्याच्या वाट्याला टवाळी. शाळेत मी वीस वर्षे हेच पाहतो आहे. गोड गळ्याच्या, सुंदर अक्षराच्या मुलाचे दांडगेपण आम्हा मास्तरांना 'तेज' वाटते, आणि मागच्या बाकावरच्या गांडूळवाल्याचे तेच वागणे 'उनाडकी'. मॅक्लीनसारख्या जन्मभर शिकवलेल्या माणसाने हा पक्षपात ओळखायला हवा होता. पॉलच्या मैत्रिणीचेही तसेच. ती शायेन जमातीची. तिला इतिहासातल्या एका शायेन सरदारकन्येचे नाव देऊन निवेदक मोकळा होतो. तिचे स्वतःचे नाव आपल्याला कळत नाही. पॉल मेल्यावर तिचे काय झाले असेल, असे आपल्या घरातली एखादी आत्या हमखास विचारील, आणि तिला उत्तर मिळणार नाही.

या कथेवर रॉबर्ट रेडफोर्ड यांनी १९९२ साली चित्रपट काढला. त्याच्या छायालेखनाला ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. दोरीचे सोनेरी वेटोळे हवेत उलगडते, ते पाहतच राहावे. मात्र नदीवरची दृश्ये बरीचशी दुसऱ्याच नदीवर, गॅलटिनवर, घेतली होती. ब्लॅकफूटचे तोवर खाणींनी आणि लाकूडतोडीने हाल झाले होते. पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ साली, तिच्या उगमाजवळच्या माइक हॉर्स खाणीचा गाळ अडवणारा बंधारा फुटून विषारी गाळ पाण्यात गेला होता. पुढे नदीच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले आणि मुखाजवळचे मिलटाउन धरणही २००८ साली फोडण्यात आले.

पुस्तकाचे शेवटचे पान जगभर नावाजलेले आहे. त्यात म्हातारा नॉर्मन तिन्हीसांजेला एकटा नदीत उभा राहतो आणि गेलेली माणसे त्याला आठवतात. पान सुरेल आहे, यात शंका नाही. पण मला ते जरा जास्त गोड लागते. माझ्यापुरते पुस्तक दोन-तीन पाने आधीच संपते, बापाच्या त्या दोन शब्दांच्या प्रश्नापाशी. पुढचे पान मी दुसऱ्या वाचनात ओलांडले.