स्पर्धा परीक्षांतील मूळ संख्येची कसोटी : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

दिलेली पूर्ण संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्याचा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या अंकगणित विभागात नेहमी आढळतो. प्रश्न लहान, उत्तर निःसंदिग्ध आणि गुणदान सोपे असल्यामुळे प्रश्नकर्त्यांना हा घटक सोयीचा वाटतो. विद्यार्थीही १ ते १०० मधील २५ मूळ संख्या पाठ करून आणि एक-दोन क्लृप्त्या जवळ बाळगून परीक्षेला बसतो. या तयारीतून मूळ संख्येची संकल्पना त्याच्यापर्यंत कितपत पोहोचते आणि ती पोहोचली की नाही हे प्रचलित प्रश्नरचनेतून कळू शकते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. प्रश्नाचे प्रचलित स्वरूप

उदाहरणादाखल पुढील प्रश्न घेता येईल : ‘खालीलपैकी मूळ संख्या कोणती? (अ) २४७ (ब) २९९ (क) ३११ (ड) ३२३.’ तयारीचा विद्यार्थी २४७ = १३ × १९, २९९ = १३ × २३ आणि ३२३ = १७ × १९ हे ओळखतो, तीन पर्याय खोडतो आणि उरलेला चौथा निवडतो. उत्तर बरोबर येते व गुणही पूर्ण मिळतात. परंतु ३११ ही मूळ संख्या आहे, असे त्याने कोठेही सिद्ध केलेले नसते. इतर तीन संख्या मूळ नाहीत, एवढेच त्याने दाखवलेले असते. उरलेले काम ‘चारांपैकी एक पर्याय बरोबर आहे’ या प्रश्नकर्त्याच्या हमीने केलेले असते.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. संख्या संयुक्त असल्याचा पुरावा आणि ती मूळ असल्याचा पुरावा हे एकाच स्वरूपाचे नाहीत. १ व ती संख्या यांखेरीज एक विभाजक दाखवला की संख्या संयुक्त ठरते. मूळ असण्याचा दावा मात्र असा विभाजक नाहीच, असा नकारार्थी असतो. ‘विभाजक सापडला नाही’ आणि ‘विभाजक अस्तित्वात नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याचा शालेय पातळीवरचा मार्ग म्हणजे वर्गमूळाची मर्यादा होय. एखादी संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ते दोन्ही अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. तसे असते तर त्यांचा गुणाकार त्या संख्येपेक्षा मोठा झाला असता. म्हणून संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळापर्यंतचा एक तरी मूळ विभाजक असतोच.

३११ च्या बाबतीत १७ चा वर्ग २८९ व १८ चा वर्ग ३२४ आहे. त्यामुळे २, ३, ५, ७, ११, १३ आणि १७ या सात मूळ संख्यांनी तपासणी केली की ती पूर्ण होते. यांपैकी २, ३ आणि ५ यांचा निर्णय पाहताक्षणी लागतो. ७ आणि ११ ने भागल्यास प्रत्येकी ३, १३ ने भागल्यास १२ आणि १७ ने भागल्यास ५ बाकी उरते. १७ पाशी थांबण्यास आधार आहे, म्हणून हा शोध सिद्धता ठरतो. तो आधार ठाऊक नसेल, तर विद्यार्थी कंटाळा येईपर्यंत भागाकार करतो आणि मग ‘मूळ’ असे लिहून मोकळा होतो.

३. एका क्लृप्तीची चिकित्सा

मार्गदर्शक पुस्तकांतून आणि शिकवणी वर्गांतून एक नियम सर्रास सांगितला जातो : २ आणि ३ वगळता प्रत्येक मूळ संख्या ६क + १ किंवा ६क − १ या स्वरूपात असते. हे विधान सत्य आहे, कारण उरलेल्या स्वरूपांच्या संख्यांना २ ने किंवा ३ ने भाग जातो. दोष विधानात नसून त्याच्या वापरात आहे. विद्यार्थी विधानाचा व्यत्यासही सत्य धरतो आणि या स्वरूपात बसणारी संख्या मूळ मानतो.

ही चूक किती महाग पडते, हे साध्या मोजणीने कळते. ५ ते १०० या दरम्यान या स्वरूपाच्या ३२ संख्या आहेत. त्यांपैकी २३ मूळ आहेत. २५, ३५, ४९, ५५, ६५, ७७, ८५, ९१ आणि ९५ या नऊ संयुक्त आहेत. म्हणजे लहान संख्यांच्या सरावात नियम बहुतेक वेळा खरा ठरतो आणि विद्यार्थ्याचा विश्वास बळावतो. परीक्षेत मात्र बहुधा तीन अंकी संख्या येतात. १०० ते ९९९ या दरम्यान या स्वरूपाच्या ३०० संख्या असून त्यांपैकी १४३ मूळ व १५७ संयुक्त आहेत. तीन अंकी संख्यांपुरता हा नियम निर्णायक कसोटी म्हणून वापरणे नाणेफेकीपेक्षाही किंचित वाईट ठरते. वर दिलेल्या प्रश्नातील चारही पर्याय याच स्वरूपाचे आहेत, ही बाबही येथे ध्यानात घ्यावी.

४. आवश्यक अट आणि पुरेशी अट

आवश्यक अटीला पुरेशी अट समजण्याचा मोह केवळ शालेय पातळीवर नाही. फर्माच्या लघुप्रमेयानुसार न ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (न − १) व्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला न ने निःशेष भाग जातो. येथेही व्यत्यास सत्य नाही. २ चा १० वा घात १०२४ आहे आणि १०२३ = ३ × ३४१. त्यामुळे २ चा ३४० वा घात वजा १ या संख्येलाही ३४१ ने भाग जातो. तरीही ३४१ = ११ × ३१ आहे. ही संख्या ६ × ५७ − १ असल्यामुळे वरील क्लृप्तीलाही चकवते.

मोठ्या संख्यांसाठी वर्गमूळापर्यंतचा शोध व्यवहार्य राहत नाही. शंभर अंकी संख्येचे वर्गमूळच पन्नास अंकी असते. मिलर-राबिन कसोटीसारख्या यादृच्छिक पद्धती वेगवान असल्या, तरी त्यांचे ‘मूळ’ हे उत्तर अत्यंत संभाव्य असते, सिद्ध नसते. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जी कसोटी मांडली, तिचे महत्त्व येथे आहे. कोणत्याही संख्येबाबत, कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा आधार न घेता, खात्रीपूर्वक आणि अंकांच्या संख्येच्या बहुपदीने मर्यादित अशा वेळेत ती निर्णय देते. हा शोधनिबंध २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष संगणनात इतर पद्धती तिच्यापेक्षा जलद ठरतात. तरीही तिचा गौरव झाला, कारण ‘बहुधा मूळ’ आणि ‘निश्चित मूळ’ यांतील भेद गणितात गौण मानला जात नाही. परीक्षेच्या तयारीत नेमका हाच भेद पुसला जातो.

५. आक्षेप आणि पर्याय

वेळेची मर्यादा असलेल्या परीक्षेत सिद्धतेची अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि १००० पेक्षा लहान संख्येसाठी ३१ पर्यंतच्या ११ मूळ संख्याच तपासाव्या लागतात. २, ३, ५ आणि ११ यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या सुलभ आहेत. उरतात ते ७, १३, १७, १९, २३, २९ आणि ३१ हे अधिकात अधिक सात भागाकार. ६क ± १ हा नियम संख्या वगळण्यासाठी वापरला, तर तोही उपयुक्तच आहे. त्याने संख्या स्वीकारू नये, एवढेच अभिप्रेत आहे.

बहुपर्यायी पद्धत ही खरी अडचण आहे, असेही म्हणता येत नाही. पुढील प्रश्न याच पद्धतीत बसतो : ‘८९९ या संख्येला २३ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने निःशेष भाग जात नाही. केवळ या माहितीवरून ८९९ ही संख्या (अ) मूळ ठरते (ब) संयुक्त ठरते (क) मूळ की संयुक्त हे ठरत नाही.’ ३० चा वर्ग ९०० असल्यामुळे २९ ची तपासणी बाकी आहे. म्हणून उत्तर (क) येते. प्रत्यक्षात ८९९ = २९ × ३१ आहे. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही आणि पर्याय खोडून उत्तर मिळत नाही. शोध कोठे पूर्ण होतो, याचे ज्ञान तपासले जाते.

६. निष्कर्ष

प्रचलित प्रश्नरचना संयुक्त संख्या ओळखण्याचे कौशल्य तपासते आणि गुण मात्र मूळ संख्या ओळखल्याबद्दल देते. या विसंगतीमुळे क्लृप्तीला सिद्धांताचे स्थान मिळते आणि वर्गमूळाच्या मर्यादेमागील साधी कारणमीमांसा अध्यापनातून गळते. पाठ करण्याची यादी वाढवून हा दोष दूर होणार नाही. महाविद्यालयीन वर्गात आणि प्रश्नपत्रिकेत ‘ही संख्या मूळ आहे काय?’ या प्रश्नाबरोबरच ‘शोध येथेच का थांबवला?’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यालाच मूळ संख्या समजली, असे म्हणता येईल.