ख्रिस्तपुराणांतील प्रभुत्व व करुणा

फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं लिहितांना बहुतेकांची लेखणी त्यांतील मराठीच्या स्तुतीपाशींच थांबते. त्यांतील देव कसा आहे, हा प्रश्न मागें राहतो. मंगलाचरणींच कवि देवाला 'बाप' व 'सर्वसमर्थ' म्हणतो, आणि लगेच पुढें तोच कृपानिधि व करुणाकर होतो. चर्चच्या श्रद्धासूत्राचा आरंभहि सर्वशक्तिमान् पित्यापासूनच होतो, हें खरें. पण 'बापरखुमादेवीवरु' ही ज्ञानदेवांची मुद्रा ज्या कानांत मुरली आहे, त्याला 'बाप' हा शब्द दरारा व माया एकदमच सांगतो. करुणा ही प्रभुत्वाची उणीव नसून त्याचेंच रूप होय, हा ख्रिस्ती सिद्धान्त येथें एका मराठी शब्दानें पेलला आहे. स्टीफन्स केवळ भाषांतरकार नव्हते, असें आम्हांस यावरून वाटतें.

परंतु ग्रंथाबाहेरील सत्ता विसरून चालणार नाहीं. साष्टींतील देवालयें १५६७ सालीं पाडलीं गेलीं; स्टीफन्स गोव्यास आले १५७९ सालीं. १६१६ त राचोल येथें छापलेल्या या पुराणास इन्क्विझिशनचीहि परवानगी लागली. ज्यांच्या वाडवडिलांचीं दैवतें मोडलीं, त्यांच्यापुढेंच करुणाकर देवाचें हें आख्यान आलें. काव्यगुणांनीं ही विसंगति झांकूं नये. तिच्यापायीं काव्यहि टाकूं नये.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. सालढाना यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ति रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून झाली. पुण्यांत १९५६ सालीं बांदेलू यांनीं ती नागरींत आणली. म्हणजे लिपि पालटली, पाठ तोच राहिला. रोमन पाठांत पुष्कळ धर्मसंज्ञा पोर्तुगीज आहेत. लंडनच्या मार्स्डेन संग्रहांतील नागरी पोथींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द येतात. ॲबट यांनीं १९२३ त या पोथीचा पाठ मूळ ठरविला; तें निर्विवाद सिद्ध झालें, असें आम्हांस वाटत नाहीं. पोर्तुगीज शब्दाबरोबर चर्चचा शिक्का येतो, संस्कृत शब्दाबरोबर भक्तिमार्गाचा ओलावा. त्यामुळें एकच ओवी दोन पाठांत देवाला निरनिराळ्या अंतरावर उभा करते. केवळ नागरी छापील प्रत पाहून कवीच्या देवाचा न्याय करणाऱ्यानें हें ध्यानीं ठेवावें.

गोवें, कारवार वा मंगळूरकडील कोणाच्या संग्रहीं या पुराणाचीं सुटीं पानें असल्यास त्यांतील याच संज्ञा प्रथम ताडून पाहाव्या.