छापील विनोद आणि डावातला विनोद : 'मॅजिक'चे विनोदी पत्ते व सावंतवाडीचा गंजिफा यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

पत्त्यांच्या डावात हशा पिकतो तो पानांमुळे नव्हे, खेळणाऱ्यांमुळे, असा आपला सर्वसाधारण अनुभव आहे. गुलामचोराच्या डावात ज्याच्या हाती अखेर गुलाम उरतो त्याची घरभर थट्टा होते. मेंढीकोटात प्रतिपक्षावर कोट चढला की जिंकणाऱ्यांच्या जिभेला धार येते. परंतु गुलामाच्या चित्रात स्वतःत हसण्यासारखे काहीच नसते. पान गंभीर असते, विनोद माणसांचा असतो.

१९९८ साली अमेरिकेत या समजाला छेद देणारी एक घटना घडली. 'मॅजिक : द गॅदरिंग' या अद्भुतरम्य कल्पितविश्वावर आधारलेल्या पत्त्यांच्या खेळाच्या प्रकाशकांनी 'अनग्लूड' या नावाने केवळ विनोदी पानांचा एक संच बाजारात आणला. येथे विनोद पानावरच छापलेला होता. पुढे 'अनहिंज्ड' (२००४), 'अनस्टेबल' (२०१७), 'अनसँक्शन्ड' (२०२०) आणि 'अनफिनिटी' (२०२२) असे त्याच वळणाचे संच निघाले.

मराठी समीक्षेने विनोदाचा विचार प्रामुख्याने ललित गद्य, नाटक आणि विडंबनकाव्य यांच्या आधारे केला आहे. खेळ हीही एक संहिता असते व तिच्यातही विनोदाची रचना असते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या विनोदी पानांचे स्वरूप तपासून, त्यांची तुलना आपल्याकडील दशावतारी गंजिफाशी करण्याचा प्रयत्न केला आहे. विनोद पानावर छापला गेला म्हणजे खेळणाऱ्याच्या विनोदाचे काय होते, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न होय.

नियमप्रधान खेळ आणि विडंबन

'मॅजिक' हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला व 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या संस्थेने १९९३ साली प्रकाशित केला. दोन खेळाडू हे दोन मांत्रिक आहेत अशी कल्पना करून प्रत्येक जण मंत्र, पशू, राक्षस, योद्धे यांची पाने टाकून प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करतो. नेहमीच्या ५२ पानांच्या कॅटप्रमाणे येथे पाने ठरलेली नसतात. प्रकाशक सतत नवी पाने काढतो, खेळाडू ती विकत घेतो, अदलाबदल करतो आणि त्यांतून आपला संच बांधतो. आपल्याकडे औरंगपुऱ्यासारख्या, पुस्तके व शालेय साहित्याच्या दुकानांनी गजबजलेल्या वस्तीतही क्रिकेटपटूंची किंवा मल्लांची छायाचित्रे असलेली ट्रम्प पाने मुले जमवीत असत. मात्र त्या पानांवर केवळ आकडे असत. 'मॅजिक'च्या पानावर मजकूर असतो, आणि तो मजकूर हाच कायदा असतो.

या खेळाचे एक मूलतत्त्व असे की, पानावरील मजकूर आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आल्यास पानाचे म्हणणे ग्राह्य धरावे. म्हणजेच जवळजवळ प्रत्येक पान हा कोणत्या तरी नियमाचा अपवाद असतो. 'अनग्लूड'चे रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी हेच तत्त्व टोकाला नेले. अपवाद किती दूरवर ताणता येईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा संच.

येथे मराठी वाचकास आचार्य अत्रे यांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. केशवकुमारांच्या विडंबनाची गोडी ज्याला समकालीन कवींच्या लकबी ठाऊक आहेत त्यालाच पूर्णपणे चाखता येते. विडंबनाला मूळ कृतीशी जवळीक लागते. तिरस्कारातून उत्तम विडंबन निपजत नाही. विनोदी पानांचेही तसेच आहे. 'ब्लॅक लोटस' हे १९९३ चे अतिशय दुर्मीळ व महागडे पान. ते वापरल्यास खेळाडूला तीन एकक मंत्रशक्ती मिळते. 'अनग्लूड'मधील 'ब्लॅकर लोटस' चार एकक देते, परंतु त्यासाठी ते पान प्रत्यक्ष फाडून टाकावे लागते. संग्राहक ज्या कमळाला जिवापाड जपतो त्याचेच हे भावंड त्याला फाडायला लावते. खेळाबाहेरच्या माणसाला यात काहीच गंमत दिसणार नाही. खेळात मुरलेल्याला मात्र आपल्याच हव्यासाचे प्रतिबिंब दिसेल.

विनोदी पानांचे तीन प्रकार

या संचांतील पानांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार शारीर कृतीचा. 'केऑस कन्फेटी' या पानाचे तुकडे करून ते किमान पाच फूट अंतरावरून खेळाच्या जागेवर उधळावयाचे व ज्या पानांना तुकडे लागतील ती नष्ट करावयाची. यामागे खेळाडूंमध्ये रूढ असलेली एक दंतकथा आहे. १९९३ च्या 'केऑस ऑर्ब' या पानात ते पान उंचावरून टाकून ज्यांवर पडेल ती पाने नष्ट करण्याची सोय होती. कोणा बहाद्दराने तेच पान फाडून तुकडे उधळले, असे सांगितले जाई. म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेली आख्यायिका प्रकाशकाने पानावर उतरवली. या घटनेकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल.

दुसरा प्रकार आकाराच्या अतिशयोक्तीचा. 'बी. एफ. एम.' हा अक्राळविक्राळ प्राणी एका पानात मावत नाही, म्हणून तो डावा व उजवा अशा दोन पानांत विभागला आहे. त्याचे बळ ९९ आहे. पण दोन्ही अर्धे हाती आल्याखेरीज तो अवतरत नाही. अद्भुतरम्य खेळांना भव्यतेचा जो सोस असतो, त्यावरील हे मार्मिक भाष्य होय.

तिसरा व समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार स्वतःच्याच संस्थेवरील उपहासाचा. 'इन्फर्नल स्पॉन ऑफ ईव्हिल' या पानाचे नाव भयंकर आहे; चित्रात मात्र उंदरासारखा एक गोंडस प्राणी आहे. पानाचा प्रकार सांगणाऱ्या ओळीत दैत्यवाचक शब्द खोडून त्या जागी 'पशू' या अर्थाचा शब्द लिहिलेला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे प्रकाशकांनी धार्मिक आक्षेपांच्या धास्तीने पानांवर दैत्यांचा उल्लेख टाळला होता. ही खोडाखोड म्हणजे त्या भीतीचीच थट्टा. उत्तम उपहास स्वतःच्या घरापासून सुरू होतो, याचे हे उदाहरण आहे.

हसण्याला दंड

२००४ च्या 'अनहिंज्ड' या संचात 'गोचा' नावाची एक युक्ती योजण्यात आली. प्रतिस्पर्ध्याने विशिष्ट शब्द उच्चारला किंवा विशिष्ट कृती केली, तर बाद झालेले पान पुन्हा आपल्या हाती घेता येत असे. यातील 'लाफिंग हायना', म्हणजे हसरे तरस, या पानाची अट अशी की प्रतिस्पर्धी हसताच हे तरस परत येई.

कल्पना चतुर आहे. तिचा परिणाम मात्र उलटा झाला. जिंकण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे न बोलणे आणि न हसणे, हे खेळाडूंच्या ध्यानात आले. हास्यासाठी काढलेल्या पानांभोवती माणसे ओठ घट्ट मिटून बसू लागली. रोझवॉटर यांनी स्वतः ही युक्ती फसल्याचे पुढे मान्य केले.

ही केवळ रचनेतील तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. पानावरील विनोद आणि डावातला विनोद हे परस्परपूरक असतीलच असे नाही. प्रसंगी ते परस्परांचे स्पर्धक ठरतात, हे येथे स्पष्ट दिसते. पान जेव्हा हसण्याचे नियम ठरवू लागते, तेव्हा माणसाचे उत्स्फूर्त हसू गुन्हा ठरते.

दशावतारी गंजिफा व संकासूर

अद्भुत विश्व पत्त्यांवर आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या बारा रंगांच्या पत्त्यांचे वर्णन आहे. त्यांत असुरांचा, सर्पांचा आणि वन्य पशूंचा अधिपती असे रंग आहेत. पुढे भारतीय भूमीत दशावतारी गंजिफा रुजला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ही कला जतन केली व शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला नवे जीवन दिले.

या खेळात गोल, लाखेचा लेप दिलेली १२० पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. पाच रंगांत दश्शीला मान, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा व एक्क्याला मान. दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने उतारी करावयाची. तीन खेळाडूंनी प्रत्येकी चाळीस पाने सांभाळावयाची आणि गेलेले प्रत्येक पान लक्षात ठेवावयाचे.

या १२० पानांत एकही विनोदी पान नाही. देवांची पाने म्हणून हसण्यास मज्जाव होता, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो टिकत नाही. ज्या सिंधुदुर्गात हा गंजिफा रंगवला जातो, त्याच प्रदेशात दशावतारी नाटकाची परंपरा आहे. तिच्या पूर्वरंगात वेद चोरणारा संकासूर येतो. देव गंभीर असतात. संकासूर मात्र मालवणीत बोलतो, थट्टामस्करी करतो, गावातल्या ताज्या घडामोडींवर टोमणे मारतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. मत्स्यावताराच्या पवित्र कथेतच हास्याला हक्काची जागा आहे.

मग ती गंजिफाच्या पानावर का नाही? प्रस्तुत लेखकास याचे उत्तर असे वाटते : संकासुराचा विनोद लिखित नाही. तो प्रत्येक जत्रेत, त्या त्या गावच्या प्रेक्षकांसमोर नव्याने घडतो. गंजिफाचे पानही असेच पूर्ण व बंदिस्त आहे. त्यावर नवे काही छापले जाणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून विनोदाचा सारा अवकाश खेळणाऱ्यांकडे उरतो.

विनोदाची मालकी

आता 'केऑस कन्फेटी'कडे पुन्हा पाहू. पान फाडण्याची आख्यायिका जोवर तोंडी होती तोवर ती खेळाडूंची होती. कोणीही ती तिखटमीठ लावून सांगावी. पानावर छापली जाताच ती प्रकाशकाची झाली, पाकिटातून विकत मिळू लागली. शिवाय तिच्याभोवती कुंपणही पडले. नेहमीच्या पानांची किनार काळी किंवा पांढरी असे. विनोदी पानांना रुपेरी किनार देण्यात आली, म्हणजे अधिकृत स्पर्धांत त्यांना प्रवेश नाही हे लगेच कळावे. २०२२ च्या 'अनफिनिटी'त किनार गेली व त्या जागी ओकच्या फळाच्या आकाराचा छोटा शिक्का आला. शिक्का असलेले पान थट्टेचे. नसलेले पान काही स्पर्धाप्रकारांत ग्राह्य. हसण्यासाठी कोठे परवानगी आहे, हे आता शिक्का पाहून ठरते.

भाषेचा प्रश्नही येथे उभा राहतो. खेळाची गंभीर पाने अनेक भाषांत निघाली. परंतु 'अनग्लूड' आणि 'अनहिंज्ड' केवळ इंग्रजीत निघाले, कारण त्यांतील कोट्या भाषांतरात टिकत नाहीत. मराठी घरातील मुलगा जेव्हा ही पाने खेळतो तेव्हा मंत्र, राक्षस आणि लढाई त्याला सहज आपलीशी करता येतात. हसण्यासाठी मात्र त्याला परक्या भाषेच्या खुब्या शिकून घ्याव्या लागतात. गुलामचोर खेळताना आजीने मारलेला टोमणा त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तथापि छापील विनोदाला सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. ज्याच्या घरी पत्त्यांचा अड्डा जमत नाही, ज्याला खेळाची परंपरा वारशाने मिळालेली नाही, त्याला हे पान एक निमंत्रण देते : येथे हसायला हरकत नाही. शिवाय खोडलेल्या 'दैत्य' शब्दासारखे स्वतःकडे पाहून हसण्याचे धाडस फार थोड्या व्यापारी संस्था दाखवितात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) 'मॅजिक'ची विनोदी पाने हे नियमांचे विडंबन आहे, आणि कोणत्याही विडंबनाप्रमाणे त्यांचा आस्वाद मूळ कृतीशी असलेल्या परिचयावर अवलंबून आहे.

२) ज्या पानांनी खेळणाऱ्याला काही करायला लावले ती यशस्वी ठरली, ज्यांनी त्याच्या हसण्यावर पहारा बसविला ती अयशस्वी ठरली.

३) दशावतारी गंजिफात विनोदी पान नसणे हा उणेपणा नव्हे. तेथे विनोद खेळणाऱ्यांच्या स्वाधीन ठेवला आहे.

४) विनोद छापला जाणे म्हणजे त्याची मालकी बदलणे होय. या बदलाचा विचार विनोदाच्या समीक्षेत व्हावयास हवा.

सावंतवाडीचा गंजिफा आज बहुधा काचेच्या कपाटात, शोभेची वस्तू म्हणून दिसतो. त्याची चित्रकला वाचली ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्या चाळीस पानांभोवती बसून होणारी बोलाचाली चितारी रंगवू शकत नाही. ती टिकवायची तर कपाट उघडून पाने वाटावी लागतील. रामाच्या राजाची उतारी करणाऱ्याला समोरचा काय म्हणतो, हे कोणत्याही पानावर छापलेले नाही. ते त्या वेळी, त्या बैठकीतच ऐकावे लागते.