साहस आणि सोसणे : त्र्यंबकच्या डोंगरांतील काही लघुचित्रांचा विचार

डोंगर, नदी, कडेकपारी यांत वावरणाऱ्या धाडसी स्त्रियांचा गौरव करणारे लघुपट हा आता एक स्वतंत्र चित्रप्रकार मानावा लागेल. कॅनडातील बँफ येथे १९७६ पासून पर्वतविषयक चित्रपटांचा महोत्सव भरत आला आहे; पुढे केवळ स्त्रियांच्या साहसाला वाहिलेले महोत्सवही पाश्चात्त्य देशांत निघाले. महाराष्ट्रात हा प्रकार महोत्सवाच्या पडद्यापेक्षा हातातील भ्रमणध्वनीवरच अधिक फैलावला. त्याची लांबी घटली, कर्ता बहुधा निनावी राहिला. परंतु गौरवाचा हेतू तोच राहिला. हा गौरव नेमका कोणाचा होतो आणि कोणत्या शब्दांनी होतो, हा प्रश्न मात्र समीक्षेने अद्याप पुरेसा विचारलेला नाही.

नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ला या दृष्टीने लक्षणीय आहे. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने हा किल्ला जिंकला, तेव्हापासून त्याच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांची ख्याती सांगितली जाते. २०२० च्या ऑक्टोबरात ६८ वर्षांची एक स्त्री या पायऱ्या चढून गेली आणि त्या चढाईचे काही क्षणांचे चित्रण देशभर पाहिले गेले. त्यात निवेदन नाही, संगीताची जोड नाही. खोबणीत बोटे रुतवून वर येणारी एक आकृती आहे आणि ती माथ्यावर पोहोचताच उठणारा जल्लोष आहे. या चित्राचे बळ त्याच्या साधेपणात आहे. तथापि त्याच्या प्रसिद्धीत पुढे आले ते तिचे वय. पाय कोठे टेकवावा, श्वास कोठे घ्यावा, खाली पाहावे की पाहू नये, हे ज्ञान तिच्यापाशी होते म्हणूनच ती वर पोहोचली. परंतु ते तिला कोणी विचारल्याचे चित्रात दिसत नाही. प्रेक्षक आश्चर्याने भरून जातो. आणि आश्चर्य म्हणजे, किंचित कठोरपणे बोलावयाचे तर, अपेक्षाभंगाचेच सौम्य रूप होय.

येथे 'साहस' या शब्दाचा इतिहास ध्यानी घेणे उपयुक्त ठरेल. धर्मशास्त्रात 'साहस' हे व्यवहारपदांपैकी एक असून त्याचा अर्थ बळजोरीचा अपराध असा आहे. दंडाच्या प्रमाणांनाही प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशाच संज्ञा होत्या. मराठीत हा शब्द सद्गुणाच्या पंक्तीस येऊन बसला, तरी जुन्या अर्थाची छटा पुरती गेली नाही. 'भलते साहस करू नकोस' हे वाक्य आजही घरोघर उच्चारले जाते, आणि ते मुलापेक्षा मुलीला अधिक वेळा ऐकावे लागते. म्हणून स्त्रीच्या साहसाचा गौरव करताना भाषेला एखादे समर्थन जोडावेसे वाटते.

असे समर्थन नाशिकच्या चित्रपटसृष्टीने फार पूर्वी जोडले होते. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटात त्यांची बालवयीन कन्या मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली. आरंभी ती स्वतःच्या रूपात प्रेक्षकांसमोर येते, मुद्राभिनय दाखविते आणि मग कृष्णरूपात विलीन होते. डोहात उडी घेणारा देह त्या मुलीचा. पराक्रम मात्र देवाचा. तरीही फाळक्यांनी तिचा चेहरा आधी दाखविला, ही गोष्ट लहान नव्हे. आजच्या कित्येक गौरवपटांना तेवढेही साधत नाही.

दुसरे समर्थन मातृत्वाचे. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका मराठी मनात खोल रुजलेली आहे. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि स्तनदा मातांसाठी राखलेल्या कक्षालाही तिचेच नाव मिळाले. येथे एक सूक्ष्म फेरफार झाला आहे : कडा उतरण्याचे कौशल्य मागे पडून वात्सल्य तेवढे नावात उरले. याउलट धावपटू कविता राऊत यांना मिळालेले 'सावरपाडा एक्सप्रेस' हे बिरुद पाहावे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या या खेळाडूच्या बिरुदात गाव आहे आणि वेग आहे. देवीही नाही, माताही नाही. कर्तृत्वाचे स्वरूप सांगणारे विशेषण मराठीला अशक्य नाही, याचा हा पुरावा होय.

परंतु या विषयाची खरी कसोटी अन्यत्र आहे. हरिहर ज्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील शेंद्रीपाड्याच्या आदिवासी स्त्रिया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन ये-जा करीत. त्याचे चित्रण २०२२ च्या आरंभी सर्वत्र पोहोचले, लोखंडी पूल झाला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहूनही गेला. त्या परिसरातील पाड्यांवर दोराविना खोल विहिरीत उतरणाऱ्या स्त्रियांचीही चित्रे प्रसिद्ध झाली आहेत. तोल, पकड, भीतीवरचा ताबा हे सारे गुण या दोन्ही प्रकारच्या चित्रांत समान आहेत. तरी एकीला 'साहस' म्हटले जाते, दुसरीला 'व्यथा'.

हा भेद सर्वस्वी खोटा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. साहसात न जाण्याची मोकळीक गृहीत असते; हंडा घेऊन निघालेल्या स्त्रीला ती नाही. तिच्या वाटचालीला साहसपट म्हणणे म्हणजे अन्यायाला शोभा आणणे होय. परंतु तिला केवळ दयेचा विषय करणे हाही अन्यायच आहे; कारण मग तिचे कसब दिसेनासे होते. गौरवाचे चित्र इच्छा पाहते, परिस्थिती पाहत नाही; करुणेचे चित्र परिस्थिती पाहते, कौशल्य पाहत नाही. दोन्ही चित्रे अशी आपापल्या परीने अर्धी राहतात.

म्हणून अशा लघुचित्रांचे मूल्यमापन करताना ती किती लोकांनी पाहिली याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. चित्रातील स्त्री वाक्याचा कर्ता आहे की केवळ विशेष्य, हे आधी पाहावे. आपण काय केले, कसे केले आणि ते करणे भाग होते की नव्हते, हे तिला स्वतः सांगता आले पाहिजे. हरिहरच्या पायऱ्या चढणारी आणि तासच्या बल्ल्यांवरून जाणारी या दोघींना हे सांगण्याची संधी देणारा लघुपट निघेल, तेव्हा 'साहस' या शब्दाचाही अर्थ आणखी एकदा बदलेल.